दुसऱ्याचं चित्र, आपला दागिना: मीनाकामातून मानवंदना देण्याआधी

तांब्याच्या चकतीवर गेरूच्या रंगाचा मीना, त्यावर पांढऱ्या रेषांत तारपा वाजवणारा माणूस आणि त्याच्याभोवती फेर धरलेली बायामाणसं. असं पेंडंट हस्तकलेच्या कुठल्याही प्रदर्शनात दिसतं. भिवंडीच्या गोदामांतून रोज निघणाऱ्या ऑनलाइन पार्सलांतही ते असतं. टॅगवर 'वारली डिझाइन' एवढंच छापलेलं असतं. चित्र कुणाचं, कुणी काढलं, त्याला काय मिळालं, याचा पत्ता नसतो.

घरून दागिने करून विकणाऱ्या अनेक जणी आणि लहान सराफ या बाबतीत गोंधळलेले असतात. आवडत्या चित्रकाराच्या चित्रावरून दागिना केला तर तो आदर की चोरी? चित्रकार हयात नसेल तर विचारायचं कुणाला? खाली 'यांच्या चित्रावरून' असं लिहिलं की पुरतं का? आणि ज्या ग्राहकाने असा दागिना हौसेने विकत घेतला, त्याने काय तपासायचं? यातल्या बहुतेक प्रश्नांना सरळ उत्तरं आहेत.

मानवंदना नेमकी कशाला आहे?

काम सुरू करण्याआधी तुम्ही तीनपैकी काय घेताय हे स्वतःशी ठरवा. शैली, विशिष्ट चित्र की चित्रकाराचं नाव?

कल्पना आणि शैली कुणाच्या मालकीची नसते. कॉपीराइट असतो तो प्रत्यक्ष काढलेल्या चित्राला. काळा बिंदू काढायला कुणाची परवानगी लागत नाही. सय्यद हैदर रझांच्या एखाद्या कॅनव्हासवरची बिंदू, चौकटी आणि रंगपट्ट्यांची मांडणी जशीच्या तशी मीन्यात उतरवायची असेल, तर लागते. चित्र सपाट आणि दागिना घडीव, म्हणून सुटका होत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सपाट चित्राची त्रिमितीय प्रत करण्याचा हक्कही चित्रकाराकडेच ठेवलेला आहे.

नावाची गोष्ट आणखी वेगळी आहे. 'रझा कलेक्शन' असं नाव देऊन माल विकला, तर या मालाला त्या चित्रकाराची किंवा त्याच्या वारसांची संमती आहे असा ग्राहकाचा समज होतो. चित्र मोकळं (कॉपीराइटची मुदत संपलेलं) असलं तरी असा समज करून देणं अडचणीत आणू शकतं. 'अमुक यांच्या चित्रावरून प्रेरित, मीनाकाम तमुक यांचं' अशी दोन्ही नावं स्वतंत्र लिहिलेली ओळ जास्त प्रामाणिक, आणि जास्त सुरक्षितही.

चित्रकार कधी वारले, ते आधी शोधा

भारतात चित्राचा कॉपीराइट चित्रकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. ही ६० वर्षं मृत्यूच्या पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. मराठी घरांत ओळखीच्या असलेल्या काही चित्रकारांचा हिशेब असा लागतो:

- राजा रविवर्मा (मृत्यू १९०६) आणि महादेव विश्वनाथ धुरंधर (१९४४): मुदत संपली, चित्रं मोकळी.
- दीनानाथ दलाल (१९७१): ३१ डिसेंबर २०३१ पर्यंत हक्क शाबूत.
- रघुवीर मुळगावकर (१९७६): २०३६ अखेरपर्यंत.
- वासुदेव गायतोंडे (२००१): २०६१ अखेरपर्यंत.
- मकबूल फिदा हुसेन (२०११): २०७१ अखेरपर्यंत.
- रझा (२०१६): २०७६ अखेरपर्यंत.

दलाल आणि मुळगावकर इथे मुद्दाम घेतले आहेत. जुन्या दिवाळी अंकांची मुखपृष्ठं आणि कॅलेंडरवरच्या देवदेवता 'आजोबांच्या काळातल्या' म्हणून मोकळ्या असतील, असं बरेच जण धरून चालतात. तशा त्या नाहीत. शिवाय पैसे देऊन काढून घेतलेल्या चित्राचा पहिला हक्कदार, वेगळा करार नसेल तर, काढून घेणारा असतो. त्यामुळे मुखपृष्ठाच्या बाबतीत चित्रकाराच्या घरच्यांबरोबर प्रकाशकालाही विचारावं लागू शकतं. रद्दीच्या दुकानातून अंक विकत घेतला म्हणून चित्राचा हक्क मिळत नाही. मूळ कॅनव्हास लाखो रुपयांना घेतला तरी मिळत नाही.

परदेशी चित्रकारांनाही हाच विचार लावा. व्हिएन्नाची फ्रायविले ही पेढी मीनाकामाच्या दागिन्यांतून गुस्टाव्ह क्लिम्ट, आल्फोन्स मुखा, क्लोद मोने यांना मानवंदना देते. क्लिम्ट १९१८ साली, मोने १९२६ साली आणि मुखा १९३९ साली वारले, म्हणजे तिघांचीही मुदत संपलेली. ऑस्ट्रियाचाच हुंडर्टवासर मात्र २००० साली गेला. त्याच्या चित्रांवरून काही करायचं तर हक्कदारांना विचारल्यावाचून मार्ग नाही.

मोकळ्या चित्राच्या बाबतीतही एक पथ्य पाळा. रविवर्म्याचं मूळ चित्र मोकळं असलं, तरी एखाद्याने त्यावर स्वतःची भर घालून केलेली नवी आवृत्ती त्याची असते. जुन्या छापील प्रतीवरून स्वतः रेखाटन करून घेतलंत तर ही कटकट राहत नाही.

'वारली कुणाचीच नाही' हे डोक्यातून काढा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे आहे आणि सगळ्यात जास्त अन्यायही इथेच होतो. भिवंडी, वाडा, शहापूरपासून डहाणू, तलासरीपर्यंत वारली वस्ती आहे. म्हणजे ज्यांच्या भिंतीवरून ही चित्रं उचलली जातात, ती माणसं आपल्याच तालुक्यात, शेजारच्या तालुक्यात राहतात.

लग्नाचा चौक, पालघट देवी, तारप्याचा फेर हे आकार परंपरेचे आहेत. ते पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी तांदळाच्या पिठाने सारवलेल्या भिंतीवर काढले. अशा पारंपरिक आकारावर एका माणसाचा कॉपीराइट नसतो. पण १९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्या पुढाकाराने ही कला कागदावर आली आणि चित्राखाली चित्रकाराचं नाव येऊ लागलं. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे त्यातले सर्वांत मोठे. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, १५ मे २०१८ रोजी ते गेले. त्यांच्या चित्रातली मासेमारीच्या जाळ्याची किंवा मुंग्यांसारख्या दाटलेल्या माणसांची मांडणी ही त्यांची स्वतःची निर्मिती आहे. तिचा हक्क २०७८ अखेरपर्यंत वारसांकडे राहतो. इंटरनेटवर 'वारली' म्हणून शोधल्यावर येणाऱ्या चित्रांत परंपरेचा आकार कुठला आणि नाव असलेल्या चित्रकाराचं काम कुठलं, हे नुसतं बघून कळत नाही. म्हणून तिथून चित्र उचलूच नका.

दुसरी बाजू भौगोलिक मानांकनाची. आदिवासी युवा सेवा संघाच्या अर्जावरून २०१४ साली वारली चित्रकलेला ते मिळालं. याच संघटनेने त्याआधी २०१० साली कोका-कोलाच्या दिवाळीच्या जाहिरातीत वारली चित्रं वापरल्याबद्दल कायदेशीर पाऊल उचललं होतं. मानांकनामुळे रेषा काढायला बंदी येत नाही. पण नोंदणीकृत वापरकर्ते नसताना आपला माल 'अस्सल वारली' म्हणून विकणं धोक्याचं आहे, आणि खोटंही.

कायदा पुरेसा नसला तरी लोकांची नजर असते, हे २०२५ च्या जूनमध्ये कोल्हापुरी चपलेने दाखवलं. प्राडा या फॅशन कंपनीने मिलानच्या शोमध्ये तशाच चपला मांडल्या, कोल्हापूरचं नाव घेतलं नाही, आणि इकडे संताप उसळल्यावर भारतीय परंपरेतून प्रेरणा घेतल्याचं मान्य केलं. भिवंडीतल्या एखाद्या घरगुती व्यवसायाची ऐपत प्राडाएवढी नसते. ग्राहकांचा विश्वास गेला की तो व्यवसाय बंदच पडतो.

सोपा आणि सरळ मार्ग एकच: वारली चित्रकाराकडूनच रेखाटन काढून घ्या. भिवंडी रोडहून वसई रोड, तिथून डहाणू रोड, असा एका दिवसात जाऊन येण्याजोगा प्रवास आहे. वाडा-मनोर मार्गे गाडीनेही जाता येतं. तयार चित्र दाखवून 'असंच काढा' म्हणू नका. दागिन्याचं माप द्या, कागदावर गोल काढून द्या आणि आत काय बसेल ते चित्रकाराला ठरवू द्या.

यामागे एक व्यवहारी कारणही आहे. वारली माणसाचं अंग म्हणजे कमरेला टोकाशी जुळलेले दोन त्रिकोण. अडीच सेंटिमीटरच्या पेंडंटवर तो कमरेचा बिंदू सुईच्या अग्राएवढा होतो, आणि भट्टीत मीना वितळला की दोन्ही त्रिकोण एकमेकांत वाहून माणसाचा ठिपका होतो. मोठ्या चित्राचा फोटो लहान करून हे काम होत नाही. तीनशे माणसांच्या फेरातून सहा माणसं आणि एक तारपावाला निवडणं, त्यांच्यातलं अंतर वाढवणं, हे चित्रकाराचंच काम आहे. त्याचे पैसे त्याला मिळायलाच हवेत.

'वीस टक्के बदल केला की चालतं'

चालत नाही. असा कुठलाही टक्का कायद्यात नाही. १९७८ साली आर. जी. आनंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दिलेली कसोटी आजही वापरतात: दोन्ही कलाकृती पाहणाऱ्या सामान्य माणसाला दुसरी ही पहिलीची नक्कल आहे असं निःसंशय वाटतं का? रंग फिरवला, चित्र उलटं केलं, कडेला वेल घातली, तरी उत्तर 'हो' येत असेल तर ती नक्कलच.

'खाली नाव दिलंय की' हाही बचाव नाही. नाव देणं हे कर्तव्य आहे, परवानगीची जागा ते घेत नाही. उलट परवानगी असली तरी नाव द्यावंच लागतं. कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे चित्रकाराने हक्क विकले तरी आपलं नाव सांगण्याचा आणि आपल्या कामाची विटंबना थांबवण्याचा अधिकार त्याच्याकडेच राहतो. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं विज्ञान भवनातलं भित्तिशिल्प सरकारनेच काढून टाकलं होतं. २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने ते परत करायला लावलं आणि पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. भक्तीने काढलेलं देवीचं चित्र तुम्ही पायातल्या जोडव्यावर उतरवलंत, तर चित्रकाराच्या घरच्यांना तीही विटंबना वाटू शकते. आधी विचारा.

स्वतःच्या गळ्यात घालायला एक नग केला, विकला नाही, तर खासगी वापराची सवलत कायद्यात आहे. पण तोच नग फोटो काढून 'ऑर्डर स्वीकारल्या जातील' म्हणून टाकलात की तो खासगी राहिला नाही.

परवानगीचा कागद

फोनवरचं 'करा की' पुरत नाही. परवाना लेखी लागतो. तो मराठीत चालतो आणि वकिली भाषेची गरज नाही. चित्रकाराला वाचता येत नसेल तर त्याच्या विश्वासातल्या माणसासमोर वाचून दाखवा आणि त्या माणसाची साक्षीदार म्हणून सही घ्या. एक प्रत त्याच्याकडे ठेवायला विसरू नका. कागदात हे असावं:

- कोणतं चित्र (छापील प्रत जोडून), कोणत्या धातूत, जास्तीत जास्त किती नग.
- मोबदला एकरकमी की प्रत्येक नगामागे, आणि हिशेब कधी देणार.
- मुदत आणि प्रदेश. मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरता धरतो.
- नाव कुठे आणि कसं येईल: दागिन्याच्या मागे, डबीत की टॅगवर.
- चित्रात कोणते बदल करायला संमती आहे, आणि पहिला नमुना कोण मंजूर करणार.

चित्रकार हयात नसेल तर सगळ्या वारसांची संमती लागते. एकाच भावाच्या सहीवर काम सुरू केलं आणि दुसरा उभा राहिला, असे तंटे कागद नीट नसल्यामुळेच होतात.

आणखी एक बाब चित्रकाराच्या बाजूने लक्षात ठेवा. पैसे देऊन चित्र काढून घेतलं तर, करारात वेगळं नसेल, पहिला हक्क पैसे देणाऱ्याकडे जातो, हे वर आलंच आहे. बहुतेक चित्रकारांना हे माहीत नसतं. त्याचा फायदा उठवू नका. 'चित्राचा हक्क चित्रकाराकडे, दागिन्यापुरता वापर आमच्याकडे' असं स्पष्ट लिहा. तेच चित्र त्याला उद्या साडीसाठी दुसऱ्याला देता आलं पाहिजे.

कारागिराकडे जाताना

मीना म्हणजे रंगीत काचेची पूड. साधारण ७५० ते ८५० अंश सेल्सिअसच्या भट्टीत ती वितळते आणि धातूला कायमची धरते. सोनं, चांदी आणि तांबं हे तिचे धातू. पितळेतल्या जस्तामुळे तिच्यावर मीना नीट टिकत नाही; म्हणून पितळी दागिन्यावर चकचकीत रंग दिसला तर तो बहुधा रेझिनचा, भट्टीत न गेलेला 'थंड मीना' असतो. तो करायला हरकत नाही, स्वस्त आणि हलका असतो. मात्र तो मीनाकाम म्हणून आणि मीनाकामाच्या भावात विकू नका.

झवेरी बाजारात काम देणार असाल तर रंगांचा क्रम आधी बोलून घ्या. जास्त आच सोसणारे रंग आधी आणि नाजूक रंग शेवटी भाजतात. लाल बहुतेक वेळा अगदी शेवटी. गेरूच्या जमिनीवर पांढऱ्या रेषा हव्या असतील तर हा क्रम उलटा पडतो. अशा वेळी कमी आचेवर वितळणारा पांढरा घ्यावा, किंवा धातूत रेषा कोरून त्यात पांढरा भरावा. दुसरा पर्याय महाग पडतो, पण रेषा धारदार राहते. पातळ पत्र्याच्या मागच्या बाजूलाही मीन्याचा थर द्यायला सांगा, नाहीतर थंड होताना पत्रा वाकतो आणि पुढचा मीना तडकतो. खडे आणि मोती मीना झाल्यावरच बसवायचे. शिसेविरहित मीना मागा, विशेषतः लहान मुलांच्या दागिन्यांसाठी.

तुमचं डिझाइनही कुणीतरी उचलेल

यंत्रमागाच्या गावात डिझाइन किती लवकर फिरतं, हे भिवंडीकरांना वेगळं सांगायला नको. तुमची स्वतःची मांडणी असेल आणि ती शेकड्यांनी काढायची असेल, तर कॉपीराइटवर विसंबू नका. डिझाइन म्हणून नोंदवता येण्याजोगी रचना न नोंदवता यांत्रिक पद्धतीने ५० पेक्षा जास्त वेळा काढली, की तिचा कॉपीराइट संपतो. त्यासाठी २००० च्या डिझाइन कायद्याखाली नोंदणी करा. संरक्षण १० वर्षं मिळतं आणि ५ वर्षं वाढवता येतं. अर्ज ऑनलाइन करता येतो. मुंबईचं कार्यालय अँटॉप हिलला आहे.

अट एकच, आणि नेमकी तीच चुकते: अर्ज आधी, प्रदर्शन नंतर. इन्स्टाग्रामवर फोटो टाकला, प्रदर्शनात मांडलं, की डिझाइन 'नवं' राहत नाही. दुसऱ्याच्या चित्रावरून केलेल्या दागिन्याचं डिझाइन त्याला न विचारता स्वतःच्या नावावर नोंदवणं मात्र उघड फसवणूक आहे.

विकत घेणाऱ्यांनी काय पाहावं

चित्र कुणाचं, असं विचारा. उत्तर मिळालं नाही तर त्यावरून काय ते समजा. दागिना सोन्याचा असेल तर बिलावर सोन्याचं निव्वळ वजन वेगळं लिहून घ्या, कारण मोडताना मीन्याचं वजन वजा होतं. सहा अंकाक्षरांचा हॉलमार्क क्रमांक 'बीआयएस केअर' ॲपवर तपासता येतो. खरा मीना की रेझिन, अशी शंका असेल तर मागच्या बाजूला, दुकानदाराच्या परवानगीने, सुईचं टोक हलकेच ओढून पाहा. काचेवर ओरखडा उठत नाही, रेझिनवर उठतो. मीन्याच्या दागिन्याला नंतर डाग लावायचा तर आधी विचार करा. आचेने मीना उडतो आणि पुन्हा सगळं भाजावं लागतं.

तंटा झालाच तर

आधी लेखी पत्र पाठवा: मूळ चित्र, नकलेचा फोटो आणि तुमची मागणी. नक्कल ऑनलाइन विकली जात असेल तर त्या संकेतस्थळाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. ग्राहकाच्या तक्रारीची पोच त्याने ४८ तासांत द्यावी आणि महिन्याभरात निवारण करावं, असा २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत दंडक आहे. रेझिन मीना म्हणून गळ्यात मारला असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क लागत नाही. कॉपीराइटचा दावा चित्रकाराला स्वतः जिथे राहतो त्या जिल्ह्यात लावता येतो. नक्कल करणारा सुरतेत असो की दिल्लीत, त्याच्यामागे तिथवर जावं लागत नाही. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे.

वकिलाच्या खर्चाला घाबरून बरेच वारली चित्रकार गप्प बसतात. अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला आणि कुठल्याही महिलेला, उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो. तुमच्या ओळखीत असा चित्रकार असेल तर त्याला हा क्रमांक लिहून द्या: १५१००.